मागच्या सीटला टेकू

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे बोललं गेलं तेच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि 'म्हणजे कसं आहे ना' थोडं कमी केलंय.)

आज पाहुणे कोणी नाहीत, एकटीच आहे. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या, स्वयंपाकघर आणि स्टुडिओ यांच्यात आमच्याकडे एक पडदा आहे फक्त.

मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणाले होते की आमच्या बाइकला मी बॅकरेस्ट लावून घेतलाय. त्यावर इतके मेसेज आले की मलाच आश्चर्य वाटलं. कुठून घेतला, किती पडले, पोलीस पकडतात का, आईला आडवं बसायला चालेल का. आणि एकानं विचारलं, "कम्युटर बाइकला बॅकरेस्ट? लग्नातली घोडी केलीस काय?" दादा, उत्तर देते. पण सुरुवातीपासून सांगावं लागेल, कारण हा बॅकरेस्ट शोभेसाठी नाही लावलेला. तो बाबांसाठी लावलाय.

आम्ही घोडबंदरला राहतो. ठाण्याची माणसं ज्याला 'घोडबंदर' म्हणतात ते नव्हे, ते म्हणजे त्यांचा घोडबंदर रोड, मानपाडा, कासारवडवली वगैरे. आमचं खरं घोडबंदर गाव, खाडीकाठचं, किल्ल्याजवळचं, मीरा-भाईंदर महापालिकेतलं. बाबांची किडनी गेल्या वर्षी बंद पडत आली आणि डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. जवळच्या सेंटरांत सकाळचा स्लॉट नव्हता, तो मिळाला कासारवडवलीच्या बाजूला. म्हणजे फाउंटनवरून वळायचं, एका बाजूला नॅशनल पार्कचं जंगल, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, मधून घाट चढायचा, गायमुखला उतरायचं आणि पुढे ओवळा. अंतर काही फार नाही, दहा-बारा किलोमीटर. पण हा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना माहितीय की इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर, मेट्रोचं काम, आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे. एक ट्रेलर घाटात बंद पडला की दोन तास गेले. रिक्षावाले एका बाजूचे अडीचशे-तीनशे घेणार, तेही परत रिकामं यावं लागतं म्हणून कुरकुरत. महिन्याच्या तेरा फेऱ्या, जाऊन-येऊन. हिशेब तुम्हीच करा.

म्हणून बाइक. बाइक बाबांचीच. १२५ सीसी, साधी. याच बाइकवर ते वागळे इस्टेटला कामाला जायचे, फिटर होते ते. याच बाइकवर त्यांनी मला किल्ल्याच्या रस्त्यावर क्लच सोडायला शिकवलं. आता मी पुढे आणि ते मागे. या अदलाबदलीचा त्यांना काय त्रास झाला असेल त्याबद्दल ते बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

तर अडचण काय झाली. डायलिसिसवाल्यांच्या हातात एक फिस्टुला करतात. शीर आणि रोहिणी जोडून एक जाड रक्तवाहिनी तयार करतात, तिथून मशीनला रक्त जातं. बाबांचा डाव्या हातात आहे. त्या हातावर ताण द्यायचा नाही, वजन उचलायचं नाही, त्यावर घड्याळसुद्धा घट्ट बांधायचं नाही, त्या हातावर बीपीही मोजत नाहीत. त्याला तुम्ही जीवनवाहिनी म्हणा. आता मला सांगा, बाइकवर मागे बसलेला माणूस स्वतःला कशानं धरून ठेवतो? दोन्ही हातांनी मागची ग्रॅब रेल, नाहीतर पुढच्याची कंबर, नाहीतर खांदा. बाबांचा एक हात गेला. उरला उजवा. आणि मुलीच्या कमरेला धरून बसायचं त्यांना जमत नाही. मी सांगून पाहिलं. "बाबा, धरा ना मला, काय होतंय?" तर म्हणे, "तू रस्त्याकडे बघ." त्या पिढीच्या बापांना हे जमत नाही, आणि मला वाटतं त्यात हसण्यासारखं काही नाही. मांडीवर फाईल, उजवा हात मागे ग्रॅब रेलला, डावा हात पोटाशी धरलेला. असे बसायचे.

मला कळलं कसं ते सांगते. घाटात चढाला एक ट्रक थांबला, त्याच्या मागे मी थांबले. तो हलला, मी पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला, आणि माझ्या जॅकेटची कॉलर एकदम मागे ओढली गेली. श्वासच कोंडला. बाबा मागे सरकले होते, रेलवरचा हात निसटला होता आणि त्यांनी हाताला लागेल ते पकडलं, ती माझी कॉलर होती. पडले नाहीत. काही बोललेही नाहीत. सेंटरला पोचल्यावर नर्सनं त्यांचा उजवा तळवा बघितला आणि विचारलं, हे काय लागलं? बोटांच्या मुळाशी लाल वळ होते, रेल आवळून धरल्याचे. म्हणजे किती दिवस ते असं जीव मुठीत धरून बसत होते, शब्दशः.

त्या रात्री मी बॅकरेस्ट ऑर्डर केला. ऑनलाइन, चौदाशे रुपये, 'युनिव्हर्सल फिट'. मंडळी, 'युनिव्हर्सल फिट' हे दोन शब्द दिसले की समजायचं, कुठल्याच गाडीला नीट बसणार नाही.

हा प्रकार तसा नवीन नाही. क्रूझर गाड्यांना कंपनीकडूनच मागे टेकू मिळत आलाय. जुनी थंडरबर्ड आठवा, बजाजची अ‍ॅव्हेंजर क्रूझ आठवा. अमेरिकेत या दांड्याला 'सिसी बार' म्हणतात, म्हणजे भित्र्यांचा दांडा असं चिडवून. गंमत अशी की १९६९च्या 'ईझी रायडर' सिनेमातल्या सगळ्यात डॅशिंग बाइकला मागे हा एवढा उंच सिसी बार आहे. आणि आपल्याकडे? आमच्याकडे बाबांची बजाज स्कूटर होती, तिच्या मागे स्टेपनी, स्टेपनीला रेक्झिनचं कव्हर आणि त्यावर शिवलेली छोटी गादी. आई तिला टेकून बसायची. त्याला कोणी भित्रेपणा म्हणालं नाही. अजून मागे जायचं तर आमच्या गावाचं नावच घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात. घोड्यांचं बंदर. खोगिराला मागे उंचवटा असतो तो कशासाठी? घोडा उसळला तर माणूस मागे सांडू नये म्हणून. तेव्हा लग्नातली घोडीवाल्या दादा, तुझं बरोबरच आहे, फक्त घोडी लग्नातली नाही.

तर तो चौदाशेचा बॅकरेस्ट. ग्रॅब रेलवर क्लॅम्पनं बसणारा, वर मऊ गादी. पहिल्या दिवशी बाबा बसले, टेकले, आणि मला मागून त्यांचा सुस्कारा ऐकू आला, हेल्मेटमधूनसुद्धा. दोन आठवडे छान गेले. तिसऱ्या आठवड्यात मागून 'टिक... टिक' असा आवाज यायला लागला, खड्ड्यात जास्त. मला वाटलं साडी गार्ड हलतोय. बाबा म्हणाले, "थांब. बाजूला घे." उतरले, उकिडवे बसले, बोटानं चाचपलं. क्लॅम्पची पट्टी वेल्डिंगजवळ तडकली होती. अजून एक मोठा खड्डा आणि ती तुटली असती. आणि माणूस तेव्हा पूर्ण भार टाकून मागे टेकलेला असतो, ते लक्षात घ्या. टेकू नसता तर तो सावध बसला असता. टेकू आहे म्हणून निर्धास्त आहे, आणि टेकूच तुटतो.

घरी आल्यावर बाबांनी डायलिसिसच्या फाईलच्या पाठकोऱ्या कागदावर मला समजावलं. ते मी तुम्हाला सांगते, कारण बॅकरेस्टमध्ये कळण्यासारखं एवढंच आहे, बाकी सगळं रेक्झिन.

बाबांचं वजन ६२ किलो. मी सिग्नलवरून बऱ्यापैकी हळू निघाले, म्हणजे तीन सेकंदांत वीस-बावीसचा वेग, तरी त्यांचं शरीर साधारण १२ किलोच्या जोरानं मागे रेटलं जातं. चढ असेल तर त्यात भर. १२ किलो म्हणजे काय फार नाही, असं वाटेल. पण तो जोर लागतो कुठे? गादीच्या मध्यावर, आणि ती बोल्टांपासून ३० सेंटीमीटर वर. बोल्ट एकमेकांपासून किती लांब? त्या क्लॅम्पवर ६ सेंटीमीटर. पहारीनं दगड उचलतो ना आपण, तोच हिशेब उलटा. ३० भागिले ६, पाच पट. म्हणजे वर १२ किलो लागले की खाली पुढच्या बोल्टवर ६० किलोचा उपट बसतो. प्रत्येक वेळी क्लच सोडताना. आणि खड्ड्यात आपटलं की त्याच्या कितीतरी जास्त. चौदाशे रुपयांची पातळ पट्टी किती दिवस टिकणार?

"मग काय जाड पट्टी लावायची?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "जाड कशाला, पाय लांब टाक." म्हणजे खालचे टेके एकमेकांपासून लांब न्यायचे. ६ च्या जागी २५ सेंटीमीटर ठेवले की तेच ६० किलो १४-१५ वर येतात. शिडी भिंतीला लावताना पाय जवळ घेत नाही आपण, लांब टाकतो. बस, एवढंच.

मग काशिमिऱ्याकडच्या एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. ग्रिल, गेट, रिक्षाचे कॅरिअर असं करतो तो. बाबा स्टुलावर बसून सूचना देत होते आणि मी बऱ्याच महिन्यांनी त्यांचा तो आवाज ऐकला, कामावरचा. पहिली अट त्यांनी घातली: चासीला वेल्डिंग करायचं नाही. चासीवर उष्णता दिली की तिथला लोखंडाचा कस जातो, आणि ते कुठे आणि कधी कळेल ते सांगता येत नाही. म्हणून ब्रॅकेट वेगळा बनवायचा, गाडीपासून लांब, आणि बोल्टानं बसवायचा. पुढचे दोन पाय ग्रॅब रेलच्या मूळ भोकांवर, शॉकअपच्या वरच्या टोकाजवळ. मागचे दोन शेपटाकडे. मधून उभा पाइप, आणि पाइपच्या अर्ध्यातून पुढे खाली येणारी तिरकी पट्टी, म्हणजे त्रिकोण झाला. बोल्ट ८ एमएमचे, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेले. हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात, साध्या बोल्टपेक्षा थोडे महाग, पण हे बोल्ट मागून घ्या. डोकं कोरं असलेला बोल्ट इथे वापरू नका. खाली नायलॉक नट, ज्यात आत नायलॉनची कडी असते आणि हादऱ्यानं सुटत नाही.

आणि माझं या सगळ्यात योगदान? नेलपॉलिश. नट घट्ट केला की नट आणि पट्टी दोघांवरून एक सरळ रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं नट फिरलाय. पाना लावून बघायची गरज नाही, लांबून दिसतं. हे कारखान्यात रंगानं करतात, बाबांना ठाऊक होतं, पण रंगाचा डबा कोण आणतो. आमच्या गाडीला मागे चार ठिकाणी मरून रेघा आहेत.

उंची. इथे बहुतेक लोक चुकतात. उंच बॅकरेस्ट भारी दिसतो, पण मान टेकायला बॅकरेस्ट नसतो, ती सोफ्यावरची गोष्ट. हेल्मेट त्यावर आपटतं. आम्ही बाबांना बाइकवर बसवून खडूनं खुणा केल्या, पट्ट्याच्या किंचित वरपासून पाठीच्या फऱ्याच्या खालपर्यंत. कमरेच्या खळगीला आधार मिळाला की झालं. किंचित मागे कललेला, अगदी काटकोनात नाही. आणि गादी मऊ नाही, कडक फोमची. मऊ गादी दुकानात दाबून बघायला छान, पण दहा मिनिटांत आतली पट्टी पाठीला टोचते. सीटवाल्यानं सांगितलं होतं तसंच झालं पहिल्याला. सगळे मिळून बावीसशे झाले, गादीसकट.

आता कायद्याचं, कारण सगळ्यात जास्त मेसेज त्यावर होते. मी वकील नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यात आरसीतल्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही असं आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते कडकपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून तुमच्या गाडीला कंपनीचाच बॅकरेस्ट मिळत असेल तर तोच घ्या, दोन हजार जास्त गेले तरी. आमच्या गाडीला मिळत नव्हता. मग आम्ही काय पाळलं? चासीला हात नाही, दहा मिनिटांत पान्यानं काढून ठेवता येतो, टेललाइट, इंडिकेटर आणि नंबर प्लेट कुठूनही झाकली जात नाही, आणि मूळ ग्रॅब रेल आहे तशीच. हे शेवटचं महत्त्वाचं. मागे माणूस बसणार असेल तर पकडायला कायमची मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि निम्मं तरी मागचं चाक झाकणारा गार्ड, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलंय, नियम १२३. काही लोक बॅकरेस्ट बसवायला ग्रॅब रेल काढून टाकतात. तो बॅकरेस्ट नाही, नुसती सजावट झाली.

नवीन टेकू बसला आणि एक नवाच प्रश्न. बाबा चढणार कसे? आधी पाय मागून टाकून बसायचे. आता मागे उभा दांडा. पाय टाकायला जागा म्हणजे माझी पाठ आणि गादी यांच्यामधली फट. दोन-तीनदा त्यांचा बूट गादीला अडकला आणि गाडी माझ्या हातातून तिरकी झाली. मग पद्धत बसवली. मी आधी बसते, दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबून. गाडी फुटपाथच्या कडेला, म्हणजे ते आधीच वीतभर उंचावर. डावा पाय फूटरेस्टवर, आणि हात... इथे नेहमी माणूस डावा हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवून वर येतो. तो डावा हात त्यांना चालत नाही. म्हणून उजवा हात माझ्या खांद्यावर, मग उजवा पाय मधून. उतरताना उलट. मी 'हं' म्हटल्याशिवाय त्यांनी हलायचं नाही. घरासमोर आम्ही हे पंधरा-वीस वेळा केलं, शेजारचे बघत होते, कवायत चाललीय असं वाटलं असेल त्यांना.

बाकी दोन छोट्या गोष्टी. टेकून बसलेला माणूस थोडा मागे बसतो, मागचं चाक दबतं आणि हँडल हलकं लागतं, चढाला तर जाणवतंच. म्हणून मागच्या टायरची हवा स्टिकरवर दोन माणसांसाठी लिहिलीय तेवढी, माझ्या गाडीवर एकट्याला २८ आणि दोघांना ३२, आणि शॉकअप पान्यानं एक खाच वर. आणि ब्रेक. ब्रेक मारला की माणूस पुढे येतो, मागे नाही. तिथे बॅकरेस्टचा शून्य उपयोग. तिथे गुडघे आवळणं आणि माझं लांबून ब्रेक मारणं एवढंच आहे.

एवढं सगळं झालं, आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हा भाग करायचा की नाही यावर आठवडाभर विचार केला.

दुसऱ्या महिन्यातली. परतीची वेळ, दुपार. बाबांना त्या दिवशी जास्त पाणी काढलं होतं, थकले होते, पण "चल गं, बसतो" म्हणाले. गायमुख सोडलं, घाट चढायला लागलो, गाड्या हळू. मला गाडी डावीकडे ओढल्यासारखी वाटली. मला वाटलं मागच्या चाकात हवा कमी. मी हँडलनं सावरलं, परत ओढली गेली. हाक मारली, "बाबा?" उत्तर नाही. आरशात बघितलं तर त्यांचं हेल्मेट खांद्यावर कललेलं. झोप होती की चक्कर, मला अजून माहीत नाही. त्यांनाही नाही. पाठ टेकूला होती, म्हणून मागे गेले नव्हते. पण शरीर सावकाश डाव्या बाजूला घसरत होतं, जिथे धरायला काहीच नाही. डावीकडे रस्त्याची कडा, उजवीकडे ट्रेलर, त्याची चाकं माझ्या खांद्याइतकी उंच. मी डावा हात मागे टाकून त्यांचा शर्ट मुठीत धरला. क्लचचा हात मागे, म्हणजे गाडी झटके खात बंद पडली. ते बरंच झालं. पाय टेकले, तशीच उभी राहिले, मागचा टेम्पोवाला हॉर्न मारत होता, मग त्यानंच खाली उतरून बाबांना धरलं. पाणी दिलं. पाच मिनिटांत बाबा म्हणाले, "डोळा लागला जरा."

डोळा लागला. नीट ऐका मंडळी. आधी टेकू नव्हता तेव्हा त्यांचा तळवा लाल व्हायचा, पाठ भरून यायची, आणि ते जागे असायचे. मी त्यांना आराम दिला आणि त्या आरामात त्यांना झोप लागली. बॅकरेस्ट एकाच दिशेला धरतो, मागच्या. बाजूला तो धरत नाही आणि शुद्ध हरपलेल्या माणसाला तर अजिबात धरत नाही. मला हे हिशेबात दिसायला हवं होतं, त्रिकोण वगैरे काढत होते ना मी.

दुसऱ्या खेपेला सिस्टरना सांगितलं तर त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं. डायलिसिसनंतर बीपी पडतं, चक्कर येते, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं की नाही? सांगितलं होतं. मी ऐकलं होतं 'घरी गेल्यावर आराम करू दे' एवढंच. त्यांनी मला विचारलं, "बाइकला पट्टा बांधून आणतेस काय त्यांना?" खरं सांगू, आदल्या रात्री मी तेच शोधत होते. मोठ्या माणसाला बांधायचा बेल्ट. आता विचार केला की अंगावर काटा येतो. गाडी पडली तर तो माणूस गाडीबरोबर फरफटत जाणार.

तेव्हापासून जाताना बाइक, येताना रिक्षा. सकाळी बाबा ताजे असतात, गप्पा मारत जातात, कुठल्या कंटेनरचा टायर गुळगुळीत झालाय ते मला सांगतात. परत येताना गावातलाच एक रिक्षावाला, त्याला वेळ सांगून ठेवलीय. आई कासारवडवलीला पोळ्यांच्या कामाला जाते, तिची सुटी त्याच सुमाराला होते, ती त्यांच्याबरोबर बसते. खर्च निम्मा वाचतो, निम्मा होतो. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "मी काय सामान आहे का, रिक्षात घालून आणायला?" असं आईजवळ म्हणाले. मी रिक्षाच्या मागे मागे बाइक घेऊन येते, मागे रिकामा टेकू आणि त्याला अडकवलेलं त्यांचं हेल्मेट.

आता उरलेली प्रश्नोत्तरं पटापट. आईला साडीत आडवं बसायला बॅकरेस्ट चालेल का? आडवं बसल्यावर टेकू पाठीला नाही, डाव्या दंडाला लागतो. धरायला खांब मिळाला असं समजा. पण पाठीमागे, म्हणजे गाडीच्या उजव्या अंगाला, मोकळंच राहतं. आमची आई आता दोन्हीकडे पाय टाकून बसते, पंजाबी ड्रेस घालून. याला तीस वर्षं लागली. टॉप बॉक्सला टेकून बसलं तर? त्या बॉक्सवर किती किलो चालेल ते लिहिलेलं असतं, पाच-सहा किलोच्या आसपास, आणि तो आकडा आत ठेवलेल्या सामानाचा आहे, टेकलेल्या माणसाचा नाही. लहान मुलासाठी? नाही. चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधायचा हार्नेस आणि त्याच्या मापाचं हेल्मेट लागतं, तसा नियमच आहे, आणि वेग ४० च्या आत. कुर्ल्याला सीएसटी रोडला स्वस्त मिळेल का? मिळेल, पण जाताना जो माणूस मागे बसणार आहे त्याला घेऊन जा. त्याला बसवून बघा, चढताना बघा, उतरताना बघा. तुम्ही पुढे बसणारे, तुम्हाला काही कळत नाही. मला कळलं नव्हतं.

ब्रॅकेटचं माप हवं असेल तर बाबांनी काढलेल्या कागदाचा फोटो टाकते या भागासोबत. मागच्या बाजूला क्रिएटिनिनचा रिपोर्ट आहे, तो झाकून टाकते.

आणि दर रविवारी सकाळी बाबा पाना घेऊन अंगणात बसतात. चारही नट बघतात. रेघा सरळ असतात, तरी बघतात. गेल्या रविवारी म्हणाले, "एक रेघ पुसट झालीय, बाटली आण तुझी." मी आणली. त्यांनी उजव्या हातानं, चष्मा कपाळावर सारून, अगदी बारीक रेघ मारली आणि फुंकर घालत बसले.

चला, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. पुढच्या भागात भेटू.